मूठ की पंजा

लितोव्हेल, रविवार, ३ मार्च २०१९

शार्का,

पाकीट फाडून टाकण्याआधी एवढं एक वाक्य वाच. तुझ्या बाबांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली आहे आणि २४ एप्रिलला ओलोमोउत्समध्ये त्यांचं ऑपरेशन आहे. आता फाडायचं तर फाड.

मी यित्का. अक्षरावरून ओळखलं असशीलच. अकरा वर्षं प्रत्येक स्पर्धेतून घरी धाडलेल्या पोस्टकार्डावर मजकूर तुझा असायचा आणि पत्ता माझ्या हातचा, कारण तुला टपालाचे आकडे कधी पाठ झाले नाहीत. तुझा पत्ता मला पोर्तुगालमधल्या फारोच्या त्या हॉटेलच्या जाहिरातीत सापडला. फोटोत तू उन्हानं रापलेली आहेस आणि दोन जर्मन म्हाताऱ्यांना टेनिसची सर्व्हिस शिकवते आहेस. चेंडू अजूनही फार पुढे उडवतेस.

काका, मी त्यांना अजून काकाच म्हणते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. जिन्याच्या सहाव्या पायरीवर थांबतात आणि भिंतीचा रंग बघत असल्याचं सोंग करतात. डॉक्टर म्हणाले, या वयात शंभरातले पाच-सहा टेबलावरून उठत नाहीत. काका म्हणाले, "म्हणजे चौऱ्याण्णव उठतात. मी एवढ्या चांगल्या बाजूनं कधी मॅच सुरू केली नव्हती." आणि घरी येऊन दोन तास कुणाशी बोलले नाहीत. कुणाशी म्हणजे माझ्याशी. दुसरं कुणी नसतंच.

मी दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाते. जेवायला म्हणजे, मीच रांधून नेते आणि ते नावं ठेवतात. बाकीचे दिवस क्लबवर मुलांना शिकवते. उजवा खांदा दोनदा कापून झालाय, त्यामुळे चेंडू डोक्यावरून मारून दाखवता येत नाही. तोंडानंच सांगावं लागतं. तू गेल्यानंतरचं माझं करिअर तुझ्या कानावर आलं असेल किंवा नसेल. दोन वर्षं राष्ट्रीय संघात होते, बरीचशी बाकावर. दुहेरीच्या यादीत एकदा एक्केचाळिसावी. नऊ जोडीदारणी झाल्या. एक बेल्जियन होती, ती हरल्यावर हसायची. एक युक्रेनची, ती इतकी घोरायची की पालेर्मोला मी टबात उशी घेऊन झोपले. त्यांच्यापैकी कुणाशीच मी पाठीमागे हात धरून खुणा केल्या नाहीत. प्रत्येक पॉइंटआधी जाऊन कानात बोलायचे. वेळ जायचा, पंच ओरडायचे, पण मला तेच बरं वाटायचं.

तू काकांना एक फोन कर. मागचं मागे राहू दे. बावीस वर्षं पुष्कळ झाली.

यित्का


लितोव्हेल, रविवार, १७ मार्च

शार्का,

तुझं कार्ड आलं. संत्र्याची झाडं छान आहेत. मजकूर मी तीनदा वाचला, तरी तो दोनच ओळींचा राहिला. "फोन त्यांनी करावा, नंबर खाली आहे. का करत नाहीत ते त्यांना माहीत नसेल, पण तुला माहीत आहे."

मला काय माहीत आहे म्हणतेस, ते नीटसं कळलं नाही.

आज जेवताना मी विषय काढला. साईच्या रश्श्यातलं बीफ आणि उकडलेल्या पिठाचे क्नेडलिक केले होते. त्यांनी नेहमीप्रमाणे क्नेडलिक काट्यानं दाबून बघितला.

"हा क्नेडलिक आहे की खुर्चीच्या पायाखाली घालायचा ठोकळा?"

"काका, शार्काचा नंबर मिळालाय."

ते चावत राहिले. मग म्हणाले, "छान. नंबर मिळाला. तिला डोळे मिळाले का?"

"असं काय बोलता?"

"यित्के, मी तिला बाराव्या वर्षापासून एकच गोष्ट शिकवली. पुढची हात दाखवते, मागची तो हात मानते. मूठ म्हणजे मी जागेवर थांबते. पंजा उघडा म्हणजे मी पलीकडे झेपावते, माझी मोकळी बाजू तू सांभाळ. दोन खुणा. गाईलासुद्धा शिकवल्या असत्या. चूक सगळ्यांची होते. पण चूक करायची आणि वर तुझ्यावर ढकलायची? माझ्या पोरीनं? तिनं एकदा फक्त म्हणावं, बाबा, पाहिला नाही मी हात. मी पायी चालत जाईन पोर्तुगालला."

"सहा पायऱ्या चढता येत नाहीत तुम्हाला."

"उतार आहे सगळा," ते म्हणाले आणि रस्सा वाढायला ताट पुढे केलं.

ओस्त्राव्हाची मॅच हरल्यावर तू त्यांना खरंच म्हणालीस ना, की यित्कानं मूठ दाखवली होती? आणि त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं. तिथल्या खोलीत राष्ट्रीय संघाची कॅप्टन बाई होती, तिची निवडीची वही होती, आणि मी अजून बूटसुद्धा काढले नव्हते. मी काय म्हणाले ते तुला आठवतं. मला ते पुन्हा लिहून दाखवायची गरज नाही.

माझं असं म्हणणं आहे की एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस मरणाच्या दारात असताना हट्ट धरू नये. तू म्हण की दिसला नाही हात. एक वाक्य आहे. त्यांना बरं वाटेल आणि तुझं काही जाणार नाही.

यित्का


लितोव्हेल, सोमवार, १ एप्रिल

शार्का,

या वेळी कार्डसुद्धा नाही. माझं मागचं पत्र तू फेकलं असशील तर बरं केलंस. मीही फेकलं असतं.

परवा शनिवारी क्लबवर वसंतातली सफाई होती. आठवते ना, अख्खं गाव फावडी घेऊन येतं, हिवाळ्यात फुगलेली लाल माती खरवडायची, नवी पसरायची, पाणी मारायचं आणि रोलर ओढायचा. पांढऱ्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकायच्या आणि प्रत्येकानं दुसऱ्याची पट्टी वाकडी आहे म्हणायचं. बारवाला रोस्त्या सॉसेज भाजत होता आणि येता-जाता मला डिवचत होता. "यित्का, रोलर तू ओढतेस की तो तुला? खांद्याची हमी संपली काय तुझ्या?" मी म्हटलं, "तुझ्या सॉसेजची कधी होती रे?" सगळे हसले. अशा दिवशी मला खरंच वाटतं की मी इथली आहे.

काकांना कोर्टाशेजारी खुर्चीवर बसवलं होतं, दोन घोंगड्या गुंडाळून. तिथून हुकूम सोडत होते. दुपारी त्यांनी मुलींच्या संघातल्या चौघींना समोर उभं केलं आणि खुणा शिकवायला बसले. मी दहा पावलांवर खिळे ठोकत होते. ते म्हणाले, "खूण म्हणजे शब्द. तो दिला की मोडायचा नाही, मग समोरून चेंडू येवो नाहीतर ट्रॅक्टर. मी आयुष्यात शेकडो जोड्या पाहिल्या. शब्द न मोडणारी एकच पाहिली, ती तिथं खिळे ठोकतीय. तिला विचारा."

चारही पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. मी हातोडी बोटावर मारून घेतली. नख काळं पडलंय, म्हणून अक्षर असं आलंय.

मी मूठ दाखवली होती.

तिसरा सेट, पाच-सहा, तीस-चाळीस, सर्व्हिस तुझी, मॅच पॉइंट त्या दोघी हंगेरियन बायकांचा. मी जाळीशी, तुझ्याकडे पाठ, हात पाठीमागे. मूठ. थांबणार होते मी. तू "हं" म्हणालीस, तेही मी ऐकलं. तू सर्व्हिस केलीस आणि समोरचीचा खांदा वळताना मला दिसला आणि वाटलं, चेंडू मधून येतोय, हा मारला तर कॅप्टन बाई वहीत माझं नाव लिहिणार. माझं, आपलं नाही. मी झेपावले. चेंडू मी सोडलेल्या जागेतून सरळ गेला. तू तुझ्या बाजूलाच उभी होतीस, कारण मी तुला तसं सांगितलं होतं.

खोलीत काकांनी विचारलं, "यित्के, काय होतं? मूठ की पंजा?" मी म्हटलं, "पंजा." विचार करून नाही म्हटलं. शाळेत बाई विचारतात काच कुणी फोडली आणि हात आपोआप दुसऱ्याकडे जातो, तसं झालं. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत सांगून टाकू. संध्याकाळी कॅप्टन बाई म्हणाल्या, तुझं नाव संघात घेतलंय. मग वाटलं, पहिल्या शिबिरानंतर सांगू. तोपर्यंत काका तुला क्लबमध्ये सगळ्यांसमोर बोलले होते, की ज्याला जोडीदाराचा हात दिसत नाही त्यानं एकट्यानं खेळावं. आणि तू विचारलंस, "तिचं ऐकलंत, माझं का नाही ऐकलंत?" आणि महिन्याभरात तू निघून गेलीस.

तुला वाटत असेल, संघासाठी गप्प राहिले. दोन वर्षं तसंच होतं. नंतरची वीस वर्षं कशासाठी ते सांगते, कारण हे मी कधी मोठ्यानं म्हटलेलं नाही. रविवारसाठी. माझं कुणी नाही, शार्का. लग्न झालं नाही, व्हायची वेळ होती तेव्हा मी ताश्कंदला पात्रता फेरीत हरत होते. सोमवार ते शनिवार मी एकटी जेवते, खिडकीत उभी राहून, भांड्यातूनच. रविवारी एक माणूस माझ्या क्नेडलिकला नावं ठेवतो. तो माणूस तुझा आहे हे मला माहीत आहे. खरं सांगितलं की तो जाईल.

ऑपरेशनला तेवीस दिवस आहेत. मी सांगेन त्यांना. येत्या रविवारी सांगते.

यित्का


लितोव्हेल, रविवार, ७ एप्रिल

शार्का,

नाही सांगितलं.

तोंड उघडलं होतं. म्हटलं, "काका, एक सांगायचंय." ते म्हणाले, "आधी चीज आण, दुकान बारा वाजता बंद होतं." तू ओळखतेस त्यांचं चीज, आख्ख्या जिन्यात घाण वास सुटतो त्याचा. मी गेले, आणलं. परत आले तर शेजारच्या होलुबोव्हा बाई बसल्या होत्या, इस्पितळात काय काय न्यायचं त्याची उजळणी करत. "पायजमे नवे घ्या हो कुबीचेक, तिथल्या नर्सा तरुण असतात." काका लाजले. मी पहिल्यांदा त्यांना लाजताना पाहिलं. मग मी भांडी घासली आणि घरी आले.

कारणं सांगत नाही. बाई तीनला गेल्या, मी चारला निघाले. पूर्ण एक तास होता माझ्याकडे.

यित्का


लितोव्हेल, रविवार, १४ एप्रिल

शार्का,

फोन तुला आला हे मला माहीत आहे. आकडे मीच दाबले. पण त्याआधी स्वयंपाकघरात काय झालं ते काका तुला सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते.

आज मी काही रांधून नेलं नाही. त्यांनी दार उघडलं, माझे रिकामे हात पाहिले आणि म्हणाले, "काय, संप?" मी नेहमीच्या जागी बसले. ते समोर. कोट काढला तर धीर जाईल असं वाटलं, म्हणून कोटातच बसले.

"काका, ओस्त्राव्हाला मूठ होती."

त्यांना कळलं नाही. "कसली मूठ?"

"मॅच पॉइंटला. मी शार्काला मूठ दाखवली होती आणि मग धावले. तिनं बरोबर केलं. मी खोटं बोलले."

ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मला वाटलं छातीत काही होतंय त्यांच्या, मी उठायला लागले, तर त्यांनी बोटानं खाली बसवलं.

"मी तिला सगळ्यांसमोर बोललो," ते म्हणाले.

"हो."

"ती म्हणाली होती मला. स्टेशनवरसुद्धा म्हणाली. बाबा, मूठ होती. मी म्हटलं, यित्का खोटं बोलत नाही." मग एकदम, अगदी हळू आवाजात: "तू कुठं बसलीयस?"

"काका?"

"ती शार्काची खुर्ची आहे. बावीस वर्षं तू माझ्या पोरीच्या खुर्चीत बसून जेवतेयस. ऊठ."

मी उठले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. कोर्टावर ते एवढे ओरडायचे आपल्यावर की पलीकडच्या गल्लीतले कुत्रे भुंकायचे. आज मात्र घड्याळाच्या टिकटिकीवर आवाज चढवला नाही त्यांनी.

मग म्हणाले, "नंबर." मी तुझं कार्ड पाकिटातून काढून दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, चष्मा शोधला, तो नाकावरच होता. तीनदा चुकीचे आकडे दाबले. चौथ्यांदा फोन माझ्यासमोर धरला, माझ्याकडे न बघता. मी आकडे दाबले आणि परत दिला. त्यांनी हातानं दार दाखवलं.

मी दाराशी असताना तू उचललास. ते म्हणाले, "शार्का? बाबा बोलतोय." मी दार ओढून घेतलं आणि खाली आले. तुम्ही काय बोललात ते मला माहीत नाही आणि विचारणारही नाही.

घरी आल्यावर भूक लागली होती, याचीच मला लाज वाटली.

यित्का


लितोव्हेल, शनिवार, २० एप्रिल

शार्का,

होलुबोव्हा बाई म्हणाल्या, तू आज संध्याकाळच्या गाडीनं येतेस. काकांनी बाईंकडून माझ्याकडची त्यांच्या घराची किल्ली मागवून घेतली. मी दिली. बाई बिचाऱ्या दारात अवघडून म्हणाल्या, "अहो यित्का, काय झालंय तरी काय? माणूस सबंध आठवडा सगळ्या खिडक्या पुसतोय. हृदय दुरुस्त करायला निघालाय, ते या खिडक्यांवरच बंद पडेल." मी म्हटलं, "त्यांची मुलगी येतेय." त्या म्हणाल्या, "त्यांना मुलगी आहे?" बाई इथं नऊ वर्षं राहतायत.

हे पत्र बाईंच्याच हातून तुला देते आहे. यात मला जे माहीत आहे आणि तुला असायला हवं, तेवढंच आहे.

सकाळी पांढरी गोळी उपाशीपोटी, अर्धी. ते म्हणतील अख्खी घ्यायला सांगितलीय, खोटं आहे. अंगातलं पाणी काढायची गोळी दुपारनंतर देऊ नकोस, रात्रभर उठतात आणि सांगत नाहीत. मीठ बंद आहे, तरी स्वयंपाकघरातल्या कॉफीच्या डब्यात त्यांनी लपवलंय. चीज बंद करायला डॉक्टरांनी सांगितलंय, पण या चार दिवसांत तू बंद करू नकोस. डाव्या कानानं ऐकू येत नाही. तू बोललीस आणि उत्तर आलं नाही तर रागावलेत असं समजू नकोस, उजव्या बाजूला जाऊन बस. जिन्याच्या सहाव्या पायरीवर थांबतील, तेव्हा तूही भिंतीच्या रंगाबद्दल काहीतरी बोल. हात देऊ नकोस, झिडकारतील.

उद्या ईस्टर. भाजलेलं कोकरू करायच्या भानगडीत पडू नकोस, रोस्त्याला सांगून ठेवलंय, तो आणून देईल. रोस्त्यालाही मी सांगितलं, मूठ होती म्हणून. आणि क्लबवर शुक्रवारी सगळे जमले होते, तिथंही सांगितलं. तुला जिथं बोल लागला तिथंच सांगायला हवं होतं. लोक ग्लासात बघायला लागले. त्या चार मुलींपैकी एकीची आई मला भेटून म्हणाली, आमची आता दुसऱ्या कुणाकडे शिकेल. तिचं बरोबर आहे.

मंगळवारी संध्याकाळी इस्पितळात दाखल करायचंय. कागद निळ्या पाकिटात, कपाटाच्या वरच्या कप्प्यात. "जवळचे नातेवाईक" या रकान्यात माझं नाव होतं. बाईंकडून पाकीट मागवून मी ते खोडलं आणि तुझं घातलंय, तुझा नंबरही, पण सही तुझी लागेल. मी इस्पितळात येणार नाही. बुधवारी दिवसभर घरीच असेन. बाई सांगतील मला काय ते, मी त्यांना तेवढं विचारून ठेवलंय.

ते रात्री घाबरतील आणि तसं म्हणणार नाहीत. जुन्या मॅचचे स्कोअर विचारतील तुला. चुकीचे सांग. दुरुस्त करता करता झोपतात.

हे पत्र खरं तर मी तुझी माफी मागायला सुरू केलं होतं. दोनदा लिहिलं आणि खोडलं. मागत नाही. मागितली तर तू चांगली आहेस, तुला माझ्याकडे यावं लागेल, दाराशी उभं राहावं लागेल, आत बसावं लागेल, मी रडेन, तुझा एक अख्खा तास जाईल. मंगळवारपर्यंत तुझ्याजवळ फार थोडे तास आहेत, शार्का. ते सगळे त्यांना दे.

यित्का